लहानग्याच्या चालीने : तळे, नदी आणि रान

श्रोतेहो,

कुटुंबासह करायची सोपी पायी भटकंती, असा विषय आजच्या व्याख्यानासाठी मला सुचवण्यात आला, तेव्हा ‘सोपी’ या शब्दापाशीच मी बराच वेळ थांबलो. अंतर चार किलोमीटर, चढ जवळजवळ नाही, वाट रुंद आणि मळलेली, एवढे नकाशावर दिसले की आपण ती वाट सोपी ठरवून टाकतो. पण हा निवाडा मोठ्या माणसाच्या पायांनी दिलेला असतो. माझे म्हणणे असे की, कुटुंबाच्या भटकंतीची आखणी सोबतच्या सर्वांत लहान चालणाऱ्याच्या पावलावरून आणि त्याचे मन कुठे रमते यावरून करावी. अंतराचा विचार त्यानंतर येतो. पाण्याचा काठ आणि झाडांची सावली यांना मी इतके महत्त्व देतो, ते याच कारणाने.

चालायला किती वेळ लागेल हे काढण्यासाठी डोंगरात हिंडणारे लोक आजही एक जुना ठोकताळा वापरतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला : तीन मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. आजच्या मापांत तो ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाईला एक तास असा सांगतात. हा हिशेब धडधाकट प्रौढासाठी आहे आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. चार वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम एक मीटर असते. आपल्या एका पावलाला त्याला जवळजवळ दोन टाकावी लागतात, आणि शिवाय ते वाकते, काहीतरी उचलते, मागे पळते, विचारत राहते. माझ्या अनुभवात या वयाचे मूल सोबत असले की ताशी दीड किलोमीटरच धरावे. म्हणजे तीन किलोमीटरच्या वाटेला दोन तास, आणि ते दोन्ही तास चालण्याचेच मानावेत. कारण मूल जिथे थांबते तिथे त्याची भटकंती चालूच असते.

हे मला एका तळ्याने शिकवले. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची फेरी मी मोठ्या उत्साहाने ठरवली. वाट सपाट होती, दिवस चांगला होता, आणि पहिला तासभर सर्व सुरळीत चालले. साधारण निम्म्या फेरीवर ती एका दगडावर बसली आणि आता चालणार नाही, असे शांतपणे म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, गोल वाटेवर निम्मे अंतर झाले की परत फिरण्यात काहीच वाचत नाही. पुढे गेले काय आणि मागे वळले काय, तीन किलोमीटर उरतातच. तिला पाठीवर घेऊन मी ती फेरी पूर्ण केली. चूक तिची नव्हती, माझ्या आखणीची होती. तेव्हापासून लहान मुलांना घेऊन तळ्याची पूर्ण फेरी मी तेव्हाच करतो, जेव्हा ती सगळ्यांत थकलेल्या दिवशीही झेपेल इतकी लहान असते. एरवी एका काठाने जावे आणि त्याच काठाने परतावे. तळ्याबद्दल आणखी एक भ्रम दूर करायला हवा. पाणी सपाट असते म्हणून वाटही सपाट असेल, असे नाही. काठावर खडकाचे नाक पुढे आलेले असले की वाट त्यावर चढते आणि पलीकडे उतरते, आणि बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची सोबत असणाऱ्यांना असा एक चढही पुरे होतो. वीस मीटर चालीला एक मीटर चढ, याहून तीव्र उतार चाकांसाठी कष्टाचा समजावा.

तळ्याचे मोठे देणे म्हणजे त्याचा उघडेपणा. पलीकडचा काठ दिसत असतो, निघालेली जागा दिसत असते, आणि आपण किती आलो हे मुलाला डोळ्यांनी कळते. रानात किंवा नदीच्या वळणांत ते कळत नाही. काठावरच्या लव्हाळ्याच्या काडीवर उन्हाळ्यात एखादी तपकिरी, पोकळ कात चिकटलेली सापडते. ती चतुराची असते. चतुराचे पिल्लू महिनोन्‌महिने, काही जातींत तर वर्षानुवर्षे, पाण्यातच शिकार करून जगते आणि एके दिवशी काडीवर चढून, पाठीवरची कात फोडून पंखांसह बाहेर येते. ही रिकामी कात तळहातावर घेतलेल्या मुलाला पुढचा अर्धा किलोमीटर चालवण्यासाठी आर्जवे करावी लागत नाहीत. ते प्रत्येक काडी तपासत पुढे जाते. मात्र वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे पाण्यावरचे सगळे तरंगते येऊन साचते, आणि पाणी हिरवा रंग सांडल्यासारखे दिसत असेल तर त्यात मुलांना पाय घालू देऊ नयेत. ते नील-हरित शैवाल असू शकते आणि त्यातील काही प्रकार विषारी असतात. नुसते बघून त्यांतला फरक ओळखता येत नाही.

आता नदीकडे वळू. कुटुंबासाठी मला ती सर्वांत जवळची वाटते. नदीकाठची वाट जाऊन-येऊन करायची असते, म्हणून हवे तेव्हा परत फिरता येते. नकाशावर उंचीच्या रेषा नदीला कुठे ओलांडतात ते पाहावे : त्या दूर दूर असतील तर वाट संथ आहे, आणि एकाच ठिकाणी दाटल्या असतील तर तिथे धबधबा किंवा घळ आहे व वाट बहुधा नदी सोडून वर चढते. मी नेहमी आधी प्रवाहाच्या उलट दिशेने जातो, म्हणजे थकल्यावरचा परतीचा रस्ता, थोडा का होईना, उताराचा मिळतो.

नदीची गंमत तिच्या वळणात आहे, आणि धोकाही तिथेच आहे. म्हणून या एका गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते. तळाचे पाणी घर्षणाने मंदावलेले असल्याने तितके फेकले जात नाही. ते आतल्या काठाकडे सरकते आणि सोबत वाळू, बारीक खडे घेऊन जाते. परिणाम असा की, बाहेरचा काठ कोरला जातो, तिथे पाणी खोल असते आणि वरची माती पुष्कळदा खालून पोखरलेली असते; आतल्या काठावर मात्र वाळूचा उथळ दांडा साचत जातो. ढवळलेल्या पेल्यात चहाची पाने कडेला न जाता तळाच्या मध्यभागी का गोळा होतात, याचे स्पष्टीकरण देत आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांचे कारण सांगितले होते, आणि दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. हा प्रयोग मुलांना घरीच दाखवावा. मग नदीवर पोहोचल्यावर बसायला कुठे थांबायचे हे तीच सांगतात. वळणाच्या आतल्या बाजूला, वाळूवर. बाहेरच्या काठाच्या कडेवर मूल उभे राहणार नाही, हा नियम घरातूनच ठरवून निघावे.

पाण्याविषयी इथे स्पष्ट बोललेच पाहिजे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसालाही पाडू शकते. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, ही आपली कल्पनाही बहुधा चुकीची ठरते. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की, त्यांचे तोंड पाण्याखाली-वर होत असल्याने त्यांना हाक मारता येत नाही, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरची ही निःशब्द धडपड २० ते ६० सेकंदच टिकते. म्हणून लहान मूल पाण्यालगत असेल तेव्हा एका प्रौढाने, ठरवून आणि नाव घेऊन, फक्त तेच काम करावे आणि मुलापासून हाताच्या अंतरावर राहावे. चार मोठी माणसे ‘सगळेच बघत आहेत’ अशा समजुतीत असली म्हणजे प्रत्यक्षात कोणीच बघत नसते. वरच्या भागात पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सुटणार असेल, तर आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असूनही पाणी चढते. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की सामान आवरत न बसता आधी वर यावे.

रानाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मुलांना शिकवण्यापेक्षा सोडून देणे बरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी असा विचार मांडला की, जाणीवपूर्वक एकाग्र करावे लागणारे लक्ष थकते, आणि पाने, ढग, लाटा यांसारख्या गोष्टी ते अलगद, विनासायास खेचून घेत असल्याने त्याला विसावा मिळतो. शाळेतून आलेल्या मुलाला झाडांखाली अर्धा तास नुसते फिरताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. रानाची कड, जिथे झाडे संपून मोकळे सुरू होते, तिथे पाखरे आणि फुलपाखरे सहसा आतल्या भागापेक्षा अधिक दिसतात. लहानांसाठी आत खोल जाण्यापेक्षा कडेकडेने जाणारी वाट निवडावी. झाडाला कवेत घेऊन घेर मोजण्याचा खेळही चालतो. ब्रिटिश वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलन मिचेल यांचा तिथल्या हवामानापुरता एक ढोबळ आडाखा होता : मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो, दाटीतल्या झाडाचा त्याच्या निम्म्याने. इतर हवामानांत हा आकडा बदलेल, पण ‘हे झाड आजोबांपेक्षा मोठे आहे का?’ हा प्रश्न सगळीकडे चालतो. पावसानंतर वर आलेली मुळे फार निसरडी होतात आणि जोराच्या वाऱ्यात वाळक्या फांद्या पडतात, तेव्हा अशा दिवशी रान टाळून मोकळा काठ धरावा. परतल्यावर गुडघ्यांच्या मागे, कानांमागे आणि केसांत गोचीड आहे का ते पाहावे. सापडलीच तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी.

शेवटी एक विनंती. दर वेळी नवी जागा शोधू नका. एकच वाट निवडून वर्षातून चार-पाच वेळा तिथे जा. ज्या मुलीला मी पाठीवर घेतले होते, तिच्यासोबत आम्ही पुढे कित्येक वर्षे नदीच्या एकाच वळणावर जात राहिलो. दर खेपेला ती आतल्या काठावरचा वाळूचा दांडा पावलांनी मोजायची आणि आकडा वहीत लिहायची. एका पावसाळ्यानंतर दांडा नऊ पावलांनी वाढलेला निघाला, आणि तिने समोरच्या काठाकडे बोट दाखवले : जिथे मागच्या वर्षी एक झाड वाकून उभे होते, तिथे आता नुसती कोरलेली माती होती आणि मुळे पाण्यात लोंबत होती.