जमादारांची कच्ची वही

मंडळी, आपल्या गल्लीत ‘जमादार’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. लोकांनी मात्र त्यांना शेवटपर्यंत जमादारच म्हटलं. त्यांनी किती चोर धरले हे सांगायला मी उभा नाही. मला त्यांचं लिहिणं सांगायचं आहे.

ठाण्यात दिवसभर लिहिणंच असतं. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी. जमादार पंचनामा लिहायचे तो पंचांना वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायचे नाहीत. अंगठेबहाद्दर पंच असला तर दोनदा वाचायचे. आम्हाला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाचा बंदोबस्त. रात्री उशिरा घरी येऊन जमादार बूट काढून नुकते आडवे झाले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपल्याकडं भिंतींना तडे गेले, तेवढ्यावर निभावलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं माणसांवर बसली. हजारो गेले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मदतीच्या ट्रकमधून गेलो, तर एका गावाच्या वेशीत जमादार दिसले. मयतांची नावं लिहून घेत होते. वर पाऊस. मला म्हणाले, “पोरा, हे घोंगडं धर वहीवर.” दोन दिवस मी तेवढंच काम केलं. त्याहून मोठं काम माझ्या हातून पुढं झालं असं मला वाटत नाही.

एक म्हातारा सांगत होता, “लिहा, माझी सून.” जमादारांनी पेन थांबवलं. “नाव?” म्हाताऱ्याला आठवेना; घरात सगळे तिला ‘थोरलीची आई’ म्हणायचे. जमादार उठले, चिखलातून दोन गल्ल्या फिरले, तिच्या माहेरच्या गावची एक बाई शोधून काढली आणि तिला विचारून माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही लिहिलं. तिकडं सरणं एकत्र पेटत होती. कुणीतरी चिडून म्हणालं, जमादार, आता नावाला काय करायचं? ते म्हणाले, “बाईला नाव असतंय, बाबा. उद्या तिची लेकरं मोठी झाल्यावर विचारतील.”

आणि विचारलंच. पुढं वारसाच्या नोंदींसाठी, मदतीच्या रकमेसाठी लोक कागद शोधत फिरले, तेव्हा कितीतरी जण एसटीनं आपल्या गावी आले, जमादारांच्या ओसरीवर बसले. पक्की यादी सरकारजमा झाली होती. कच्ची वही त्यांनी ट्रंकेत जपली होती. ती उघडून ते बोट फिरवत नाव काढायचे आणि सही-शिक्क्याची यादी कुठं मिळेल ते सांगायचे. चहाशिवाय कुणाला सोडल्याचं मी पाहिलं नाही.

एका पानावर फक्त एवढंच आहे: ‘मुलगी, वय अंदाजे पंधरा दिवस, नाव ठेवलेलं नाही, आईजवळ.’ त्याखाली आईचं पूर्ण नाव.

ती वही त्यांच्या लेकीनं आज इथं आणली आहे, टेबलावर ठेवली आहे. बघा सगळ्यांनी. पानं तेवढी हळू उलटा. माझं घोंगडं अपुरं पडलं होतं, कडेची शाई पसरली आहे.