बाबा म्हणजे नक्की कोण?

रशियन घरात लहान मुलाने "बाबा" अशी हाक मारली की येते आजी. वडील नाही, आजी. रशियन, युक्रेनियन, सर्बियन अशा स्लाव्हिक भाषांमध्ये बाबा म्हणजे बाई, म्हातारी, आजी, आणि आपण ऐकलेलं ते बाबुश्का हे याच शब्दाचं लाडाचं रूप. तिकडच्या लोककथांमध्ये कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत एक चेटकीण राहते, तिचं नावच बाबा यागा. आता नकाशावर जरा खाली या. तुर्की, फारसी, बाबा म्हणजे वडील. अजून खाली आफ्रिकेत स्वाहिली, योरुबा, झुलू, तिथेही वडील. चिनी भाषेत पण वडीलच. आणि मग जपानला पोचलो की पुन्हा म्हातारी! तिथे बाबानुकी नावाचा पत्त्यांचा खेळ आहे, शेवटी ज्याच्या हातात "बाबा" उरते तो हरला.

हे असं काही दिसलं की फॉरवर्ड फिरायला लागतात, बघा, जगातल्या सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्या, पुरावा हा घ्या. थांबा जरा. झुलू आणि चिनी यांचं काहीही नातं नाही, आणि हा शब्द एकाने दुसऱ्याकडून घेतलाय असंही नाही.

खरं उत्तर बाळाच्या ओठात आहे. साधारण सहा-सात महिन्यांचं झालं की बाळ एकच अक्षर परत परत म्हणायला लागतं, बाबाबा, मामामा, दादादा. ब आणि म साठी जीभ वळवावी लागत नाही, ओठ मिटले आणि उघडले की झालं काम. बाळाला त्यातून काहीच म्हणायचं नसतं हो. पण समोर जो मोठा माणूस बसलेला असतो त्याला वाटतं की ही हाक आपल्यालाच, आणि तो अर्थ चिकटवून मोकळा! कुठे वडिलांनी चिकटवला, कुठे आजीने.

रोमन याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये नेमकं हेच मांडलं, आणि त्याच्या हाताशी आकडे होते. जॉर्ज मर्डॉक नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातल्या भाषांमधून आईवडिलांसाठीचे 1072 शब्द गोळा केले होते, त्यातल्या आईच्या शब्दांपैकी 55 टक्क्यांमध्ये म, न असे नाकातले आवाज निघाले आणि वडिलांच्या शब्दांमध्ये फक्त 15 टक्के. याकबसनचं म्हणणं, दूध पिताना बाळाचं तोंड बंद असतं, तेव्हा नाकातून जो हुंकार येतो तोच पुढे आईशी जोडला जातो. पटण्यासारखं आहे. पण हा कल आहे, नियम नाही, कारण जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई. आणि आपल्याकडे मामा कोण ते सांगायलाच नको.

आता गंमत अशी की सगळंच योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, काही ठिकाणी हा शब्द खरोखर प्रवास करून गेलाय. बाल्कनमध्ये, म्हणजे युरोपच्या आग्नेय भागात, बघा. तिथे स्लाव्हिक बाबा आधीपासून होतीच, आजी म्हणून. मग ओटोमन तुर्क आले आणि त्यांच्यासोबत तुर्की बाबा आला, वडील. आता दोघं एका घरात कसे राहणार? बोस्नियन लोकांनी तोडगा काढला, वडील ते बाबो आणि आजी ती बाबा. एका स्वरावर निभावलं! तुर्कीत तर धक्क्यावर जहाजाचा दोर बांधायचा जो जाडजूड खुंटा असतो ना, त्यालाही बाबाच म्हणतात.

त्याहून भारी गोंधळ रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानांत आहे. तिथे जुने दगडी पुतळे उभे आहेत, त्यांना म्हणतात "कामेन्नाया बाबा", रशियन माणसाच्या कानाला दगडी बाई. आणि त्यातले बरेच पुतळे चक्क मिशीवाले योद्धे आहेत. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मूळ शब्द तुर्की घराण्यातल्या भाषेचा असावा, रशियन कानांनी तो आपल्या ओळखीच्या बाबावर नेऊन बसवला आणि योद्धे चक्क बाया ठरले.

फारसीशी आपलं तर फारच जुळतं. इराणी माणूस वैतागला की म्हणतो "एय बाबा!", म्हणजे आपलं "अरे बाबा!" जसंच्या तसं, आणि ऐकून विश्वास बसला नाही की "ना बाबा!" इथे वडिलांचा काही संबंध उरलेला नाही, समोर मित्र असो नाहीतर दुकानदार. मराठीत आपण चार वर्षांच्या पोरालाही "ऐक रे बाबा" म्हणतोच की. अरबीत तर ही रीतच आहे, वडील स्वतःच्या मुलाला "बाबा" म्हणून हाक मारतात आणि आई स्वतःच्या मुलाला "मामा", म्हणजे हाक मारणारा आपलंच नातं समोरच्याला देतो. बाहेरच्याला कळतच नाही कोण कोणाचा बाप.

योरुबा लोकांनी तर लहानाला बाबा म्हणणं नावातच आणलंय. आजोबा गेल्यावर घरात मुलगा जन्मला की त्याचं नाव ठेवतात बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले. आजी गेल्यानंतर मुलगी झाली तर येतुंदे, आई परत आली.