खोलीने गिळलेला सा

मागे आवाज येतोय ना? बरं. आधीच सांगून टाकतो, मी साउंड इंजिनिअर नाही. मी दिवसभर अकाउंट्सचं काम करतो आणि रात्री जेवणं झाली की गाणी मिक्स करतो, विक्रोळीला कन्नमवार नगरात, दहा बाय बाराच्या खोलीत, जिच्यात एक कॉट, एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि त्या टेबलावर माझा सेकंडहँड कॉम्प्युटर असं सगळं मावतं आणि मग मी मावतो. त्यामुळे मी जे सांगणार ते पुस्तकातलं कमी आणि आपटून शिकलेलं जास्त.

मिक्सिंग म्हणजे काय हे इथे बहुतेकांना माहितीये, गायकाचा ट्रॅक, ढोलकी, पेटी, बेस, सगळे वेगवेगळे असतात आणि त्यांना एकमेकांच्या डोक्यावर न बसवता एका गाण्यात बसवायचं. मास्टरिंग म्हणजे ते झाल्यावर त्या एका फाइलवर शेवटचा हात. बस. सॉफ्टवेअरवरून भांडू नका प्लीज, मी रीपर वापरतो कारण ते साठ दिवस फुकट वापरता येतं आणि नंतरचं लायसन्स पण परवडतं, तुम्ही दुसरं वापरा, फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची दांडी, सगळीकडे वर-खालीच जातो.

आता गोष्ट. लॉकडाऊनच्या आधीचा गणपती. मंडळासाठी गाणं करायचं होतं, मावसबहीण गाणार, तिची पट्टी पांढरी सहा. हे लक्षात ठेवा, पांढरी सहा. पुढे लागणारे. ट्यूनिंगचा जो 440 हर्ट्झ असतो ना, तीच ही पट्टी, तो अर्धा करत खाली या, 220, 110, 55. म्हणजे बेस गिटारचा खालचा सा 55 हर्ट्झला बसतो. गाणं 'सा'वर राहणारं, त्यामुळे बेस पण सारखा तिथेच येऊन टेकायचा.

तर मी रात्री मिक्स करतोय आणि मला तो सा ऐकूच येईना. रे येतोय, ग येतोय, सा आला की भोक पडल्यासारखं. मला वाटलं वाजवणाऱ्याने हळू वाजवलाय, बोट नीट पडलं नसेल. मग ईक्यू, म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करायचं टूल, उघडला आणि तिथे वाढवलं, तीन डेसिबल, सहा, शेवटी नऊ. सहा डेसिबल म्हणजे सिग्नल दुप्पट, नऊ म्हणजे जवळपास पावणेतीनपट, पण तेव्हा हे कोणाला माहीत, मला छान वाटत होतं. सकाळी पेनड्राइव्ह दिला. संध्याकाळी मंडपात लावलं आणि पहिल्याच 'सा'ला बाजूचे पत्रे थरथरायला लागले, बहिणीचा आवाज गायब, ढोलकी गायब, आणि आमच्याकडचे एक जुने काका माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे गाणं कुठाय? ही तर गिरणी चालू झाली!" परळमध्ये उभी हयात काढलेला माणूस, त्याला गिरणी माहीत.

चूक कुठे झाली ते कळायला मला पुढचे दोन महिने लागले, आणि ते कळलं आईमुळे. मी एक दिवस 55 हर्ट्झचा नुसता सरळ टोन लावून बसलो होतो, खुर्चीत, काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे अगदी पुसट. स्पीकर बिघडला की काय म्हणून मी पुढे वाकून वायर बघणार, तेवढ्यात मागून स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली, "ते घूं घूं काय लावलंयस, बंद कर, डोकं उठलं." मी म्हटलं, कसलं घूं घूं? ती म्हणाली, इकडे ये. मी उठून दारात गेलो, आणि खरंच, कान भरून आवाज. परत खुर्चीत, गायब. परत दारात, घूं. असं चारपाच वेळा केलं, आईला वाटलं माझं काहीतरी बिघडलंय.

बिघडली होती बसायची जागा. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. माझं टेबल लांब भिंतीला, म्हणजे समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत दहा फूट, तीन मीटरला थोडं जास्त. 345 ला त्याच्या दुप्पट अंतराने भागा, 56-57 हर्ट्झ येतात. म्हणजे नेमक्या 'सा'च्या शेजारच्या सुरात माझी खोली स्वतःच वाजते, लाट दोन भिंतींमध्ये उभी राहते, भिंतीपाशी जोर, बरोबर मध्यावर शून्य. आणि मी बसलो होतो बरोबर मध्यावर, पाच फुटांवर. आई भिंतीपाशी.

लोक म्हणतात गोधड्या लाव. लावल्या मी पण, आजीची ठेवणीतली एक आणि बाकी रजया, आणि त्याने वरचे आवाज, टाळी मारली की टण्ण होतं ते, छान दबलं. बेसला काहीच फरक नाही. 55 हर्ट्झची एक लाट सव्वासहा मीटर लांब, ती नीट शोषायची तर चौथा हिस्सा जाडी पाहिजे, म्हणजे पाच फूट जाड गोधडी, अर्धी खोली गेली. 1942 ला शांतारामबापूंनी परळला राजकमल स्टुडिओ काढला, तिथे ध्वनिमुद्रक मंगेश देसाईंकडे मिक्सिंगला थिएटर होतं, आपल्याकडे कॉट आहे. मग मी काय केलं तर खुर्ची सव्वा फूट पुढे सरकवली. समोरच्या भिंतीपासून 38 टक्क्यांवर बसावं असा एक ठोकताळा आहे, दहा फुटांत ते पावणेचार फुटांच्या आसपास येतं. सा परत आला, पूर्ण नाही, पण आहे एवढं कळण्याइतका. आणि खर्च शून्य.

तर माझं म्हणणं एवढंच की प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची जादा टूल्स, घेण्याआधी आपली खोली कुठे खोटं बोलते ते ओळखा. ती बदलता येत नसेल तर तिच्या थापा पाठ करा. मला आता माहितीये की माझ्याकडे सा कमी वाटतो, म्हणून मी तिथे हात लावत नाही, हेडफोनवर तपासतो, आणि आपल्या ओळखीचं, चांगलं मिक्स झालेलं एखादं गाणं त्याच आवाजाला बाजूला लावून बघतो. त्याच आवाजाला, हे महत्त्वाचं, कारण जे मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलंच वाटतं. आणि हळू लावून काम करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 लाच दाखवून ठेवलंय की आवाज कमी असला की कानाला बेस कमी ऐकू येतो, वाढवला की बेस फुगतो. रात्री मोठ्याने लावून केलेलं मिक्स सकाळी पातळ वाटतं ते त्यामुळे. शिवाय शेजारी.

मोबाइलचं वेगळंच. मोबाइलच्या स्पीकरमधून दोनशेच्या खालचं फारसं काही येतच नाही, तिथे 55 कितीही वाढवा, हवेत जातो. तिथे बेसवर थोडं सॅच्युरेशन द्यायचं, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाटवायचा, मग 110, 165, 220 असे वरचे सूर तयार होतात आणि त्यावरून कान खालचा सा स्वतःच समजून घेतो. आणि मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. मंडपातले कर्णे बहुतेक वेळा मोनोच असतात, आणि मी एकदा पेटी वाइडनर लावून डावी-उजवीकडे अशी पसरवली होती की मोनोत ती पेटीच उडाली.

एक राहिलंच, ट्यूटोरियलवाले डी-एसर, म्हणजे कानाला टोचणारे स-श दाबणारं टूल, फक्त स आणि श वर दाखवतात. आपल्याकडे चाफ्यातला च आहे, झाडातला झ आहे, ते पण सुरीसारखे येतात. पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये शोधा, पण जास्त दाबू नका, नाहीतर गायिका बोबडी होते.

मास्टरिंगला मी शेवटी एक लिमिटर लावतो, टोक उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देत नाही, झालं. स्ट्रीमिंगसाठी सांगतात त्या उणे 14 लफ्सचं (लफ्स म्हणजे गाणं सरासरी किती जोरात वाजतं त्याचं माप) फार मनावर घेऊ नका, स्पॉटिफाय जोरातलं गाणं स्वतःच खाली आणतं, पण मंडपातला पेनड्राइव्ह काही आणत नाही, तिथे तुमच्या आधीचं गाणं जोरात असलं तर तुमचं मऊच वाटणार, मग गाणं कुठे वाजणार ते आधी विचारा.

आता लॅपटॉप लावलाय, ही तीच 55 ची फाइल आहे. हॉलचा बेसचा डबा चालू आहे ना? मी बटन दाबतो, तुम्ही उठा, जरा इकडेतिकडे फिरा, खुर्च्या सांभाळून, आणि जिथे ऐकू येणं बंद होईल तिथे थांबून हात वर करा.