गाण्यातला ‘तू’ आणि रुग्णशय्येजवळचे ‘आपण’

दृश्य : ठाणे, नौपाडा. जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील वर्ग.

गोखले रस्त्यावरच्या रिक्षांचे भोंगे खिडकीतून आत येत असताना या खोलीत हार्मोनियमवर सा, रे, ग, सा हे चार स्वर पुन्हा पुन्हा वाजत आहेत. वर्ग गायनाचा नसून फ्रेंचचा आहे. फ्रान्समधील लहान मुलांना तोंडपाठ असलेल्या ‘फ्रेर झाक’ या बडबडगीताच्या पहिल्या दोन शब्दांना हे चार स्वर लागतात, आणि शिक्षिकांना नेमके त्यावरच बोट ठेवायचे आहे. पॅरिसचा माणूस बोलताना या शब्दांच्या शेवटचा पुसट स्वर गिळून टाकतो, त्यामुळे दोन शब्द दोन अक्षरांत संपतात. गाताना मात्र तोच स्वर मोकळा होतो आणि दोनाची चार अक्षरे होतात. शिक्षिका आधी गाऊन घेतात, मग पेटीचा भाता मिटवतात आणि तीच ओळ बोलायला लावतात.

मराठी विद्यार्थ्याला यात बिचकण्यासारखे काही नाही. ‘योग’ हा शब्द बोलताना आपण ‘योग्’ असाच उच्चारतो. पण दिवेलागणीला ‘सदा सर्वदा योग’ म्हणताना त्यातला ‘ग’ पूर्ण उच्चारला नाही, तर वृत्त मोडते. पद्यातला उच्चार वेगळा आणि बोलण्यातला वेगळा, हे आपल्या कानांना लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त कोणी तसे सांगितलेले नसते.

गाण्यामुळे परकी वाक्ये लवकर लक्षात राहतात, हा केवळ शिक्षकांचा समज नाही. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हंगेरियन अजिबात न येणाऱ्या 60 प्रौढांना त्या भाषेतील छोटी वाक्ये 15 मिनिटे ऐकून म्हणायला लावली होती. काहींनी ती साधी बोलून म्हटली, काहींनी ठेक्यात, तर काहींनी गाऊन. नंतर ती वाक्ये हंगेरियनमध्ये आठवून म्हणण्याच्या चाचण्यांत गाणारे एकंदरीत सरस ठरले. अर्थात, 15 मिनिटांत पाठ होतात ती वाक्ये, भाषा नव्हे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाच्या पदरी आधीच थोडी पुंजी आहे. ‘चाक’ आणि ‘चांदी’ यांतला दंततालव्य च जर्मन भाषेत पावलोपावली भेटतो आणि जपानीतील ‘त्सु’लाही तो उपयोगी पडतो. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, आणि विभक्तीचा संबंध दाखवणारे शब्दही नामाच्या मागून येतात. हा वारसा फुकटचा आहे, आणि वर्गात त्याचा उल्लेख फारच कमी वेळा होतो.

दृश्य : शेजारच्या खोलीतील जर्मनचा वर्ग.

येथे बसलेल्यांपैकी अनेकजणी परिचारिका आहेत. काही पाळी संपवून थेट वर्गात आल्या आहेत. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, तेव्हापासून जर्मन शिकण्याची चर्चा ठाण्यातल्या घराघरांत पोहोचली. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-2 पातळीची, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या सहांपैकी चौथ्या पायरीची, भाषा यावी लागते. गाण्यांनी शिकायला सुरुवात केलेल्यांची खरी अडचण इथे उघडी पडते.

जगातील बहुतेक गाणी प्रेयसीला, मित्राला, मुलाला किंवा देवाला उद्देशून असतात, आणि या सगळ्यांना माणूस एकेरीत हाक मारतो. आपल्याकडे विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतात. त्यामुळे गाण्यांतून जर्मन शिकलेल्या मुलीच्या तोंडी ‘दू’ आणि त्याची क्रियापदे पक्की बसतात, आणि ऐंशी वर्षांच्या अनोळखी रुग्णाला ‘कुठे दुखते आहे’ असे विचारताना तेच ‘दू’ बाहेर पडते. तेथे हवे असते ‘झी’, म्हणजे आदरार्थी रूप, शिवाय आडनावाच्या आधी ‘हेर’ (श्री.) किंवा ‘फ्राउ’ (श्रीमती). जपानीत तर पेच आणखी अवघड आहे. तेथील गाण्यांत सर्रास येणारे ‘किमि’ हे सर्वनाम वरिष्ठांना वापरणे उद्धटपणाचे ठरते. किंबहुना वरिष्ठांशी बोलताना ‘तुम्ही’ या अर्थाचे कोणतेही सर्वनाम टाळून आडनावाला ‘सान’ जोडतात किंवा हुद्दा उच्चारतात. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला व्याकरण न शिकवताही असा भेद पाळता येतो, कारण तो त्याने माणसांत राहून उचललेला असतो. परक्या भाषेतही दुसरा मार्ग नाही. गाणे जीभ वळवते. परंतु कोणाशी कोणत्या पायरीवरून बोलायचे, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेघ बदलते तेव्हाच कळते.

दृश्य : रविवारची सायंकाळ, तलावपाळी.

गडकरी रंगायतनाच्या अलीकडे, कठड्याजवळ उभ्या असलेल्या या घोळक्यात भेळेचे कागद हातोहाती फिरत आहेत आणि बोलणे जपानीत चालले आहे. यांतील काहीजण ऐरोलीच्या कार्यालयांत काम करतात आणि रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडतात. जपानी भाषेची एन-5 ते एन-1 ही परीक्षा त्यांनी टप्प्याटप्प्याने दिली आहे. पण त्या परीक्षेत तोंडी भागच नसल्यामुळे वरचे प्रमाणपत्र हाती असूनही दूरध्वनीवर गप्प होणारी माणसे निघतात. आणि जपान्याशी बोलताना गप्प राहणे हाच मोठा दोष मानावा लागेल, कारण तेथे ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हाइ’, ‘एए’, ‘सो देस् ने’ असे म्हणत राहायचे असते. तो होकार नव्हे, ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढेच त्यातून सांगायचे असते. गोष्ट सांगताना आपली आजी हुंकार मागत असे, तोच हा प्रकार. तरीही हुंकार कोठे द्यायचा हे पुस्तकावरून साधत नाही. या घोळक्यातील एक तरुण तो प्रत्येक शब्दाला देतो, त्यामुळे बोलणारी हसते आणि वाक्य अर्धवट राहते. पुढच्या खेपेला तो तिचा श्वास संपण्याची वाट पाहतो.

दृश्य : पुन्हा जर्मनचा वर्ग.

जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी-1 (बी-2च्या एक पायरी खालच्या) परीक्षेत तोंडी भाग दोन उमेदवारांनी मिळून द्यायचा असतो, आणि त्याची सुरुवात दोघांनी एकत्र काहीतरी ठरवण्याने होते. आज दोन परिचारिका त्याचाच सराव करत आहेत. विषय आहे सहलीचा. एक येऊरला जाऊ म्हणते. दुसरी पावसात वाट निसरडी होते अशी हरकत घेते आणि उपवन तलाव सुचवते. पहिलीला ते पटत नाही. मात्र नकार सौम्यपणे कसा द्यावा हे न सुचल्यामुळे ती सरळ ‘नाइन’ म्हणून मोकळी होते. शिक्षक तिला थांबवत नाहीत. दुसरीच विचारते, ‘का नको?’ आणि पहिलीला कारण द्यावेच लागते : उपवनला ती दर रविवारी मुलांना घेऊन जाते, निदान या वेळी तरी वेगळे कुठे जाऊ. या वाक्यात क्रियापद चुकीच्या जागी पडले आहे, तरी दुसरीला ते कळले आहे. ती आता येऊरला किती वाजता निघायचे ते विचारते.