कोयनेचे पाणी आणि भूपट्टाचा रेटा

कोयनेच्या धरणाने भूकंप आणला, असे आपण सहज म्हणून जातो. पण धक्क्यामागची ताकद कुठून आली आणि पाण्याने नेमके काय केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळेच चुकत जाते.

आधी ताकद. भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा आपल्याखालचा प्रचंड तुकडा, वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयापाशी युरेशियन भूपट्टाला भिडतो. तो रेटा तिथेच संपत नाही, भूपट्टाच्या अंतर्भागातही साठत राहतो. भूपट्टाच्या कडेपासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या पोटातले जुने भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या भेगा, त्यामुळेच आधीपासून दाबाखाली होते.

आता पाणी. 100 मीटर पाण्याचा तळावरचा दाब साधारण 10 वातावरणांइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या दहापट असतो. 5 किलोमीटर खोलीवर नुसत्या खडकाचा दाब 1,300 वातावरणांच्या आसपास जातो. म्हणजे जलाशयाचा भार एक टक्कासुद्धा नाही. नुसत्या वजनाने 1967 सालचा 6.3 तीव्रतेचा धक्का समजत नाही.

खरे काम भेगांत मुरलेले पाणी करते. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड तेवढीच सैल होते. सरकण्याच्या बेतात असलेल्या भ्रंशाला एवढे पुरते. इथे बेसॉल्टचा थर साधारण 1 किलोमीटर किंवा थोडा जास्त जाड आहे. त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागतो. कोयना परिसरातल्या गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विंधन करून तो प्रत्यक्ष पाहिला आहे. बहुतेक धक्के या खालच्या खडकात, 10 किलोमीटरच्या आतच होतात. दाब तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात पाणी चढले की धक्के काही आठवडे किंवा महिने मागाहून वाढतात. जलाशय किती वेगाने भरला, पाणी किती काळ वर राहिले, पूर्वीची कमाल पातळी ओलांडली का, हे तिन्ही बघावे लागते. 1985पासून कोयनेच्या दक्षिणेला असलेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. माझ्या मते पाण्याच्या भूमिकेचा याहून बोलका पुरावा नाही.

धक्का किती दूर झाला, याचा अंदाज एका भूकंपमापन केंद्रावरही येतो. भूकंपाची आधी पोचणारी प्राथमिक लहर कवचातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जाते, मागून येणारी दुय्यम सुमारे 3.5. दोन्ही लहरींच्या आगमनात जितक्या सेकंदांचा फरक असेल, त्याला 8ने गुणा, अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दिशेसह नेमकी जागा ठरवायला मात्र निदान तीन केंद्रे लागतात, आणि खोली नीट कळायची तर एखादे केंद्र अगदी जवळ हवे.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे धक्का बसला तेव्हा धरण कोसळले नाही, पण खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीला भेगा पडल्या. आकार अचानक बदलतो तिथे ताण एकवटतो. नंतर मागून काँक्रीटचे जाड टेकू देऊन बांध मजबूत केला. माणसे दगावली ती घरांखाली. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतीचे दोन पदर हादऱ्याने सुटे होतात आणि एक बाहेर, एक आत ढासळतो. 1993 साली किल्लारीतही हेच घडले. दगडी भिंत बांधायचीच असेल तर उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत दर 1.2 मीटरला आरपार जाणारा दगड घाला, आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर चारही भिंतींतून सलग फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा द्या.