पाच मिनिटांची शिक्षा, चार गोल

(दृश्य: सॅन होजेचं मैदान, फेसऑफचं वर्तुळ, संथ गतीत)

२३ एप्रिल २०१९. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांची, पहिली फेरी, सातवा सामना. हरेल त्याचा हंगाम इथंच संपणार. तिसऱ्या, शेवटच्या सत्राची जेमतेम अकरा मिनिटं उरली आहेत आणि व्हेगास गोल्डन नाइट्स ३-० नं पुढे आहेत. फेसऑफ होताच, म्हणजे पंचानं पक (रबरी चकती) टाकून खेळ सुरू करताच, व्हेगासचा कोडी ईकिन आडवी काठी सॅन होजे शार्क्सच्या जो पावेल्स्कीच्या छातीवर दाबतो. तोल गेलेला पावेल्स्की व्हेगासच्याच पॉल स्टॅस्नीला धडकून बर्फावर आपटतो. डोकं फुटतं, रक्त येतं. पंच आपसात बोलतात आणि ईकिनला पाच मिनिटांची मेजर शिक्षा देतात, शिवाय सामन्याबाहेर काढतात.

सगळा वाद या ‘पाच’वर आहे. दोन मिनिटांच्या मायनर शिक्षेत समोरच्यानं पॉवरप्लेवर (एक खेळाडू जास्त असताना) गोल केला की शिक्षा संपते आणि संघ गोलरक्षक सोडून पुन्हा पाच खेळाडूंचा होतो. मेजरमध्ये तसं नाही. कितीही गोल खा, पाचही मिनिटं चौघांनीच खेळायचं. शार्क्सनी ४ मिनिटं १ सेकंदात चार गोल केले: कुटूर, हर्टल, पुन्हा कुटूर, लबँक. ३-४.

(दृश्य: दोन्ही संघांचे चाहते)

व्हेगासवाले म्हणतात, काठीचा धक्का दोन मिनिटांचाच होता. पंचांनी धक्का नाही, रक्त पाहिलं. मायनर असती तर पहिल्या गोलनंतर ३-१ वर सगळं थांबलं असतं. सॅन होजेवाले म्हणतात, शिक्षा पंचांनी दिली, पण चार गोल तुमच्या गोलरक्षकानं खाल्ले. शिवाय ४७ सेकंद उरले असताना तुमच्या मार्शसोनं बरोबरी साधली होती, मग ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) विजयी गोल करणाऱ्या आमच्या गुडरोला कोणी मोकळं सोडलं?

आमच्या मते शिक्षेपुरतं व्हेगासचं बरोबर आहे आणि सामन्यापुरतं सॅन होजेचं.

(दृश्य: सेंट लुईस, १५ मे)

तीन आठवड्यांनी पश्चिम विभागाची अंतिम मालिका, तिसरा सामना. ओव्हरटाइममध्ये शार्क्सचा टिमो मायर हातानं पक ढकलतो, तो सहकाऱ्याकडे जातो आणि एरिक कार्लसन गोल करतो. हातानं दिलेला पास फक्त स्वतःच्या बचावक्षेत्रात चालतो. इथं तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर होता. चौघांपैकी एकाही पंचाला दिसला नाही. लीगच्या टोरोंटोतल्या व्हिडिओ कक्षाला दिसून उपयोग नव्हता, कारण असा पास तपासण्याची मुभाच नियमात नव्हती. सेंट लुईस ब्लूज हरले, पण पुढचे तीन सामने जिंकून अंतिम फेरीत गेले.

तिथं पारडं फिरलं. बोस्टनमधल्या पाचव्या सामन्यात ब्लूजच्या बोझॅकनं बोस्टनच्या अचारीला पाडलं, शिट्टी वाजली नाही आणि काही सेकंदांत पेरॉनचा गोल झाला. ब्लूज २-१ नं जिंकले. महिनाभर पंचांना शिव्या घालणारे सेंट लुईसचे चाहते आता ‘खेळाच्या ओघात होतं असं’ म्हणू लागले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

(दृश्य: पंच टॅब्लेटवर चित्रफीत पाहताना)

पुढच्या हंगामापासून नियम बदलले. मारामारी सोडून प्रत्येक मेजर पंचानं मैदानातच टॅब्लेटवर पाहायची. तेव्हाच्या नियमानुसार पटली तर कायम, नाही तर दोन मिनिटांवर आणायची. गोलआधी हातानं पास झाला असेल तर प्रशिक्षकाला आव्हान देता येतं. मात्र आव्हान फसलं की संघाला दोन मिनिटांची शिक्षा, दुसऱ्यांदा फसलं तर चार. त्यामुळे आधी साहाय्यक पडद्यावर चित्रफीत पुन्हा पाहतो, मगच प्रशिक्षक पंचाला बोलावतो.

म्हणजे व्हेगास आणि सेंट लुईस, दोघांच्या तक्रारींवर उतारा मिळाला. बोस्टनच्या तक्रारीवर नाही. पाय अडकवून पाडल्याबद्दल शिक्षा द्यायची की नाही, हे पंचाच्या मर्जीवर ठेवलेलं आहे. पंचानं शिक्षेसाठी हात वर केला नाही आणि गोल झाला, तर त्या पाडण्यावर प्रशिक्षकाला आव्हान देता येत नाही.