आधीच्या मालकाची बुशिंग

मंडळी, मला जुन्या मागांवर बोलायला बोलावलंय. पण इथं बसलेले निम्मे तर जॉबरच, म्हणजे माग दुरुस्त करणारेच आहेत, त्यांना मी मागाचं काय सांगणार? म्हणून आज दुसऱ्याच एका जुन्या यंत्राची, बंदुकीची काडतुसं भरायच्या प्रेसची गोष्ट सांगतो. माग बिघडला तर चादरीत दोष येतो. हे यंत्र बिघडलं तर दोष गालाजवळ फुटतो.

माझी लेक अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळ राहते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे होतो. शेजारचे गृहस्थ दर रविवारी मातीच्या तबकड्या उडवायला जायचे. तबकडी ११० मिलिमीटरची, हवेत भिरकावतात, आणि ती बाराबोरच्या बंदुकीनं फोडायची. पंचवीस तबकड्यांचा एक डाव. डाव संपला की रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी आणायच्या आणि गॅरेजमध्ये पुन्हा भरायच्या. तिथं स्वतःपुरतं काडतूस भरायला परवाना लागत नाही. आपल्याकडे हे चालणार नाही, बरं का. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ काडतूस बनवण्याला परवाना मागतं, आणि बंदुकीची दारू ठेवायची म्हटली की स्फोटकांचा कायदाही दारात उभा. तेव्हा ऐकून कुणी उद्योग करू नका.

बाराबोर म्हणजे काय, हे मला तिथंच कळलं. नळीच्या आतल्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या केल्या, तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून वीस बोरची नळी बाराबोरपेक्षा बारीक, आकडा मोठा असला तरी. आपल्या सुताच्या काउंटसारखंच. आकडा चढला की सूत बारीक. वीस बोरची काडतुसं पिवळी का असतात? चुकून बाराबोरमध्ये गेलं तर ते आत सरकून नळीत अडकतं, वर दुसरं बाराबोरचं बसतं. मग काय होईल ते सांगायला नको.

तर या गृहस्थांनी एका घरगुती विक्रीत मेक कंपनीची जुनी प्रेस उचलली. कंपनी तिथलीच, मेव्हिल गावची. मी बाकड्याशी उभा राहिलो तशी लेक हसून म्हणाली, "अप्पा, इथंही फिटरकी करायलाय का?"

यंत्र साधं आहे. दांडा खाली ओढायचा. एका जागी जुना प्राइमर, म्हणजे बुडाची ठिणगी देणारी टोपी, निघतो आणि पितळी बूड मापात येतं, पुढं नवा प्राइमर, मग दारू, वॅड म्हणजे दारू आणि छऱ्यांमधली गुडदी, छरे, आणि शेवटी तोंडाच्या घड्या दाबून बंद. वर दोन बाटल्या उलट्या बसवलेल्या, त्यांच्याखाली सरकती पट्टी. एका बाजूला सरकवली की दारू पडते, दुसऱ्या बाजूला सरकवली की छरे. दारूच्या भोकात एक छोटी बुशिंग, म्हणजे मापाचं भोक असलेलं कडं, असते. बुशिंग बदलली की माप बदललं. सगळी मेख तिथं आहे.

कारण ही बुशिंग आधीच्या मालकाची. त्यानं कुठल्या दारूसाठी बसवली, कुणाला ठाऊक? एक दारू फुगीर, दुसरी दाट. त्याच भोकात वजन वेगळंच भरतं. बाटलीच्या तळाशी थोडी दारूही शिल्लक होती. रंग राखाडी, डबा नाही. गृहस्थ म्हणाले, चांगली दिसतेय. मी म्हटलं, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं दारूकाम लांबूनच बघतात. ही टाकून द्या. टाकली.

मग पट्टीखाली दाणे सांडलेले दिसले. बाटलीच्या तोंडाचे रबरी वायसर दगडासारखे कडक झालेले. ते बदलले. पुंगळ्या आठ घड्यांच्या आणि प्रेसवरचा घडी पाडणारा साचा सहाचा; तोंड नीट मिटेना, छरे गळायचे. तो साचाही बदलला. या दोन गोष्टी डोळ्याला दिसतात, म्हणून सोप्या.

बुशिंगचं तसं नव्हतं. नव्या डब्यातली दारू घेतली, तिच्या तक्त्यातली बुशिंग बसवली, आणि दहा वेळा पट्टी सरकवून दहाही मापं तराजूवर घातली. ग्रेनमध्ये मोजतात, सात हजार ग्रेनचा एक पौंड. तक्ता एक सांगत होता, तराजू दुसरंच. गृहस्थ दांडा हळू ओढायचे तेव्हा एक वजन, मी खटकन ओढला की दारू दबून जास्त. अहो, एकाच मागावर दोन पाळ्यांचं कापड वेगळं निघतं ना? तसंच. शेवटी त्यांनीच ओढायचं ठरलं, मी फक्त वजन लिहायचं. दारू कमी पडली तरी सुटका नाही. बार फुसका जातो, वॅड नळीत अडकून राहते, आणि पुढचा बार तिच्यावर. म्हणून आवाज बसका आला की थांबायचं, नळीतून आरपार बघायचं.

मागाच्या चौकटीवर खडूनं लिहायची माझी जुनी सवय. ती दहा वजनं मी प्रेसच्या लाकडी पाटाच्या खालच्या बाजूला लिहिली, आपल्या देवनागरी आकड्यांत. त्यांना वाचता येत नाहीत. नवा डबा फोडला की ते पाट उलटा करून माझ्या लेकीला हाक मारतात.